काही बांधू नका, फक्त जागा सांगा

मा. प्रधान मुख्य वनसंरक्षक (वनबल प्रमुख),
महाराष्ट्र राज्य, वनभवन, नागपूर
यांस,



मुंबई महानगर प्रदेशात दोन कोटींहून जास्त माणसे राहतात. घाटाच्या वर पुणे आणि पिंपरी-चिंचवड आहे. या दोन गर्दींच्या मधोमध, कसाऱ्यापासून ताम्हिणीपर्यंत, सह्याद्री पसरलेला आहे. एवढ्या मोठ्या डोंगरात चार माणसांनी आपापला तंबू पाठीवर नेऊन एक रात्र कायदेशीरपणे कुठे झोपावे, एवढाच माझा प्रश्न आहे. त्याचे उत्तर वनरक्षकाकडे नाही, गिर्यारोहण संस्थांकडे नाही, पर्यटन संचालनालयाकडेही नाही. म्हणून जे जातात ते विचारत नाहीत, आणि जे विचारतात त्यांना जाता येत नाही.

आधी मला काय नको आहे ते सांगतो, म्हणजे गैरसमज होणार नाही. मला खाट नको, वीज नको, गरम पाण्याची सोय नको. पवनेच्या जलाशयाकाठी रांगेने लावलेले तंबू, चहा-नाश्ता, दोन वेळचे जेवण, बार्बेक्यू आणि रात्री उशिरापर्यंत चालणारी गाणी असा जो व्यवसाय उभा राहिला आहे, त्याच्याशी माझे भांडण नाही. लोकांना ते हवे असते, त्यातून मावळातल्या अनेक घरांत पैसा येतो. पण ते उघड्यावरचे हॉटेल आहे. मी बोलतो आहे ते जुन्या मुक्कामाबद्दल. दुपारी गाव सोडायचे, दोन-तीन तास चढायचे, पाणी पाहून सपाट जागा धरायची, अंधार पडला की झोपायचे, आणि सकाळी निघताना तिथे कोणी झोपले होते हे कळू नये अशी जागा सोडायची. ट्रेकर मंडळी याला अजूनही मुक्कामच म्हणतात. शनिवारी रात्रीची शेवटची कसारा किंवा कर्जत लोकल पकडणाऱ्या पोरांना विचारा.

तर अशी जागा आज कशी शोधतात? भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे घेतात. त्यावर समोच्च रेषा, ओढे, विहिरी, पायवाटा दिसतात. उपग्रहाच्या चित्रांत झाडी आणि सपाटी दिसते. दिसत नाही तो जमिनीचा मालक. रायगड किंवा ठाणे जिल्ह्यातला एखादा डोंगरउतार घ्या. पायथ्याला खाजगी शेत असते. त्यावर गायरान. त्यावर वनहक्क कायद्याखाली ठाकर किंवा कातकरी कुटुंबाला मिळालेला पट्टा. मग एखादा तुकडा १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याने शासनाकडे आलेला, पण सातबाऱ्यावर अजून जुन्याच नावाचा. शेजारी मुंबईच्या कोणा गुंतवणूकदाराने तारेचे कुंपण घातलेला प्लॉट. आणि त्या सगळ्याच्या वर आपले राखीव वन. हद्दीचे दगडी बुरूज कधी कारवीत बुडालेले असतात, कधी ढासळलेले. अंधारून येताना पाठीवर पंधरा किलोचे ओझे घेतलेल्या माणसाने कक्ष क्रमांक ओळखावा, ही अपेक्षा आपले कर्मचारीही करणार नाहीत.

मग माणूस ऐकीव माहितीवर जातो. अमक्या खिंडीच्या डावीकडे, तमक्या धनगरवाड्याच्या वर, टाक्याच्या पुढे. ही माहिती ज्यांच्याकडे असते ते ती सहजासहजी देत नाहीत, आणि मी त्यांना दोष देत नाही. एक चांगली जागा फोटोसकट जाहीर झाली की पुढच्या हिवाळ्यात तिथे काय होते, हे सगळ्यांनी पाहिले आहे. परिणाम असा की अनुभवी लोक गुपचूप कुठेतरी जातात आणि नवखी मंडळी, ज्यांना खरे मार्गदर्शन हवे, ती सगळी पाच-सहा नावांवर तुटून पडतात. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, प्रबळमाची, राजमाची, भंडारदऱ्याचा काठ, सांदण दरीचे तोंड. डिसेंबरातल्या एखाद्या शनिवारी कोकणकड्यावरच्या सपाटीवर तंबूंच्या दोऱ्या एकमेकांत अडकतात.

यामागे नुसता फोटोंचा सोस आहे असे मानू नका. पाण्याचे कारण त्याहून मोठे आहे. घाटमाथ्यावर वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि तरी जानेवारी संपता संपता डोंगर कोरडे पडतात. बेसॉल्टचे थर एकावर एक रचलेले, वरची माती पातळ, उतार तीव्र. पाणी थांबतच नाही. जे थांबते ते दोन थरांच्या सांध्यातून झिरपणाऱ्या झऱ्यांत, नाहीतर माणसाने कातळात खोदलेल्या टाक्यांत. नाणेघाटातून व्यापार चालत होता तेव्हापासून लोकांनी मुक्काम टाक्यांजवळच केले, कारण दुसरा इलाज नव्हता. आजही नाही. त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जेव्हा मुक्कामाला खरा हंगाम असतो, तेव्हा बारमाही पाणी असलेल्या मोजक्या जागांवर सगळा भार येतो. त्याच टाक्यांवर त्या भागातले गुराखी, गुरे आणि जंगली जनावरेही अवलंबून असतात. टाक्याला लागून तंबू ठोकला की रात्री सांबर पाण्यावर येत नाही, हे आपल्याला मी सांगायला नको. टाक्याच्या काठावर भांडी घासलेली आणि साबणाचा फेस तरंगणारा पाहिला की मनात येते, बंदीच बरी. पण बंदीने हा फेस थांबलेला नाही.

बंदीबद्दल थोडे स्पष्ट बोलतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या प्रवाहात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर धबधबे, धरणे, कडे यांच्यावर मनाईचे आदेश निघाले, आणि ते निघायलाच हवे होते. दर पावसाळ्यात जिल्हाधिकारी असे आदेश काढतात. पूर्वी ते कलम १४४ खाली निघत, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. जुलैत ओढ्याच्या पात्रात उतरणाऱ्याला अडवण्यात काहीच चूक नाही. अडचण पुढे होते. पावसाळा संपतो, आदेशाची मुदतही संपते, आणि मागे एक सवय उरते. डोंगरात रात्री माणूस दिसला की तो बहुधा काहीतरी उपद्रव करणार, असे धरून चालायचे. अनेक वाटांवर वनव्यवस्थापन समितीच्या चौकीवर आपण उपद्रव शुल्काची पावती घेतो. त्या पावतीवर माणशी किती आणि गाडीचे किती ते असते. रात्री राहायचे आहे असे विचारले की समोरचा माणूस गप्प होतो, मग हळूच म्हणतो, ‘आम्ही काही पाहिले नाही.’ त्याचा हा चांगुलपणा आहे. पण शासनाने आपला कारभार चौकीवरच्या माणसाच्या चांगुलपणावर सोडू नये.

आता कायद्याचे. मी वकील नाही, पण वाचता येते. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ मध्ये राखीव वनात विनापरवाना शिरणे आणि आग पेटवणे गुन्हा ठरवले आहे. त्याच कलमाच्या दुसऱ्या उपकलमात म्हटले आहे की वन अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने किंवा राज्य शासनाने केलेल्या नियमांनुसार केलेल्या कृतीला ही मनाई लागू नाही. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांपासून दार आहे, फक्त कडी कोणी काढत नाही. अभयारण्यांच्या बाबतीत वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम २८ मध्ये परवाना कोणत्या कामांसाठी देता येतो त्याची यादी आहे, आणि तीत पर्यटन हा शब्द स्वच्छ लिहिलेला आहे. झाड न तोडता, काही न बांधता एका रात्रीसाठी लावलेल्या तंबूने वनजमिनीचा वापर बदलतो, असे कोणी म्हणेल तर ते मला पटणार नाही.

आणि परवानगीने माणसांना रात्री जंगलात ठेवण्याचा अनुभव आपल्या खात्याला नाही असेही नाही. दर बुद्धपौर्णिमेला मेळघाट, ताडोबा आणि इतर संरक्षित क्षेत्रांत ‘निसर्गानुभव’ नावाने आपणच नागरिकांना मचाणावर बसवता. शुल्क घेता, नियम सांगता, सोबत माणूस देता, सकाळी उतरवता. वाघ असलेल्या जंगलात, उन्हाळ्याच्या ऐन कडाक्यात, पाणवठ्याच्या डोक्यावर. हे जमते, तर डिसेंबरात शहापूर वनविभागातल्या सागाच्या रोपवनात सहा तंबू का जमू नयेत?

बाहेरचे एक उदाहरण देतो. ते निवडण्याचे कारण असे की ते मोठ्या शहराच्या उंबरठ्यावरचे आहे. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या भूसुधारणा कायद्याने कोणालाही, खाजगी जमिनीवरसुद्धा, जबाबदारीने फिरण्याचा आणि छोटा तंबू टाकून राहण्याचा हक्क मिळाला. थोडी माणसे, हलके सामान, एका जागी दोन-तीन रात्रींपेक्षा जास्त नाही, असा त्याचा संकेत आहे. दूर उत्तरेच्या ओसाड डोंगरांत हे नीट चालले. पण लॉक लोमंडचे सरोवर ग्लासगोपासून गाडीने तासाभराच्या आत आहे. उन्हाळ्याच्या शनिवार-रविवारी तिथल्या काठांवर जे होऊ लागले ते आपण पवनेला पाहतोच: तोडलेल्या फांद्या, शेकोट्यांचे काळे डाग, बाटल्या, फेकून दिलेले स्वस्तातले तंबू. तिथल्या राष्ट्रीय उद्यान प्राधिकरणाने हक्क काढून घेतला नाही. मार्च २०१७ पासून त्यांनी फक्त सर्वांत दमलेले काठ वेगळे काढले. हे क्षेत्र उद्यानाच्या चार टक्क्यांहूनही कमी आहे. तिथे मार्च ते सप्टेंबर परवाना लागतो, जागा ठरलेल्या आणि तंबूंची संख्या मर्यादित असते. सुरुवातीला शुल्क तंबूमागे रात्रीला तीन पौंड होते. या हद्दीबाहेर आणि हिवाळ्यात पूर्वीचा हक्क तसाच. तिथेही यावर वाद झाला, फिरस्त्यांच्या संघटना चिडल्या. मला मात्र ती रचना शहाणपणाची वाटते. गर्दी जिथे आहे तिथे मोजायची, जिथे नाही तिथे माणसावर विश्वास ठेवायचा.

अमेरिकेचे उदाहरण तिकडे स्थायिक झालेली आपली मंडळी उत्साहाने देतात. तिथल्या राष्ट्रीय वनांत बहुतेक ठिकाणी कोणतीही सोय नसलेल्या मोकळ्या जागी फुकट, साधारण चौदा दिवसांपर्यंत राहता येते, आणि वनखाते कोणत्या रस्त्यावर गाडी न्यायची त्याचे नकाशे छापते. पण त्यांची वने अफाट आणि वस्ती विरळ, ते जसेच्या तसे आपल्याकडे आणा असे मी म्हणणार नाही. त्यातली एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. कोलोरॅडोत डेन्व्हरच्या दक्षिणेला रॅम्पार्ट रेंज नावाचा भाग आहे. शहरातून फार लोक येऊ लागल्यावर तिथे ‘कुठेही राहा’ बंद करून ठरलेल्या जागा आखून दिल्या. जागेवर सोय अशी काही नाही. खूण आहे, आणि ती खूण सोडून दुसरीकडे तंबू टाकायचा नाही.

आपल्या देशात मात्र या प्रश्नाची दोनच टोके दिसतात. उत्तराखंडात बुग्यालांवर व्यापारी तंबूंची रेलचेल झाली, कोणी आवर घातला नाही, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने उंचावरच्या कुरणांत रात्री राहण्यालाच मनाई केली. शेकडो तंबू लावणारी कंपनी आणि दोघांचा छोटा तंबू, दोन्ही एकाच आदेशात बसले. तामिळनाडूत ११ मार्च २०१८ रोजी कुरंगणीच्या डोंगरात वणव्यात सापडून वीसहून अधिक ट्रेकर दगावले. त्यानंतर त्या राज्याने त्याच वर्षी ट्रेकिंगचे नियम केले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये चाळीस वाटा निवडून, त्यांची ऑनलाइन नोंदणी सुरू करून, डोंगरातल्याच तरुणांना वाटाडे म्हणून नेमले. त्यात मुक्काम नाही, पण वाटा कोणत्या, कधी उघड्या, किती माणसे, हे जाहीर आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले. ते आयोजकांसाठी आहे: नोंदणी, विमा, प्रशिक्षित नेते. त्याची गरज होतीच. पण आई-वडील आणि दोन मुले स्वतःच्या जबाबदारीवर डोंगरात गेली, तर ती त्या धोरणात कुठेच सापडत नाहीत.

आता माझी मागणी, आणि तिचा पहिला भाग नकारार्थी आहे. कृपया काही बांधू नका. निसर्ग पर्यटन म्हटले की आपल्याकडे निविदा निघते. मग सिमेंटचे बुंध्यासारखे बाक येतात, अळंबीच्या आकाराची छत्री येते, फायबरचा वाघ येतो, कमान येते, सेल्फी पॉइंट येतो, आणि दोन वर्षांत कुलूप लागलेले स्वच्छतागृह उरते. जिथे मुक्काम करायचा तिथे एक क्रमांक कोरलेला दगड पुरे. पैसा खर्च करायचाच असेल तर नकाशावर करा.

जागा निवडताना एक मोह टाळावा लागेल. डोळ्यांना सर्वांत सुंदर दिसते ती जागा तंबूसाठी बहुधा सर्वांत वाईट असते. कातळाचे सडे आणि पठारे पाहा. पावसाळ्याच्या उत्तरार्धात त्यांवर जी फुले उमलतात ती बोट-दोन बोट मातीवर जगतात. तिथे पन्नास माणसे एक रात्र वावरली की वर्षभराचा जीव तुडवला जातो. शिवाय तिथे खणता येत नाही. मला हे लिहायला संकोच वाटत नाही: माणूस सकाळी शौचाला जातो. पाण्यापासून साठ-सत्तर मीटर दूर, वीतभर खोल खड्डा करून माती लोटली तर हळूहळू सगळे मातीत मिसळते. कातळावर ते शक्य नसते, आणि पहिल्या पावसात सगळे खालच्या टाक्यात उतरते. म्हणून मुक्कामाची जागा खोल मातीची हवी. अशी माती कुठे आहे ते आपल्या खात्याइतके कोणाला ठाऊक असणार? गावाच्या वरच्या सोडून दिलेल्या भातखाचरांच्या पायऱ्या, सागाची जुनी रोपवने, गिरिपुष्प लावून विसरलेले उतार. या जागा फोटोत फारशा येत नाहीत. मला तर तो त्यांचा मोठा गुण वाटतो. कड्यावरचा सूर्यास्त पाहायला माणूस तासभर चालत जाईल आणि झोपायला परत येईल.

अभयारण्यांना सुरुवातीला हात लावू नका. कळसूबाई-हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, तानसा, तुंगारेश्वर, फणसाड, ताम्हिणी या सर्वांना वगळूनही ठाणे, शहापूर, जव्हार, अलिबाग, रोहा आणि पुणे या प्रादेशिक विभागांत भरपूर राखीव वन उरते. जुन्नर विभागाचे वेगळे आहे. तिथे ऊस आणि बिबट्या यांचे जे नाते झाले आहे ते पाहता, उसाच्या पट्ट्यालगत कोणी तंबूत झोपावे असे मी सुचवणार नाही. घाटमाथ्याकडच्या आंबोलीच्या बाजूचा विचार तिथले अधिकारी करू शकतील. गडांचे म्हणाल तर राजगड, लोहगड, साल्हेर यांच्यासह महाराष्ट्रातले अकरा किल्ले आणि तामिळनाडूतला जिंजी २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले. तिथे रात्रीच्या राहण्यावर बंधने वाढणार आणि वाढायलाही हवीत. गो. नी. दांडेकरांच्या पिढीने राजगडावर मुक्काम केले ते आता त्याच रीतीने करता येणार नाहीत. तेव्हा गडावरून हटणाऱ्या या माणसांना गडाखाली कुठेतरी जागा हवी, हे आजच धरून चालावे.

एका जागी एका रात्री सहा तंबू, वीस माणसे. दोन हंगाम वापरली की दोन हंगाम विश्रांती. पाण्यापासून ठरलेले अंतर. नोव्हेंबर ते १५ फेब्रुवारी, कारण त्यानंतर आपला वणव्यांचा हंगाम सुरू होतो आणि त्या काळात मलाही डोंगरात शहरी माणूस नको आहे. उघडी आग कधीच नाही. हे वाचून माझे काही मित्र रागावतील. शेकोटीशिवाय मुक्काम कसला, असे ते म्हणतील. पण नोव्हेंबरातच घाटावरचे गवत कमरेएवढे आणि वाळलेले असते, वारा रात्री दिशा बदलतो, आणि एका ठिणगीने पेटलेला उतार विझवायला आपले वनरक्षक आणि गावातली माणसे झाडाच्या ओल्या फांद्या घेऊन धावतात. गॅसच्या छोट्या शेगडीवर खिचडी उत्तम होते. ज्याला धूर आणि निखारे हवेत त्याने पायथ्याच्या गावात कोणाच्या तरी चुलीशेजारी बसावे, आणि भाकरीचे पैसे द्यावेत.

त्या गावांबद्दल सर्वांत जास्त काळजीने लिहायला हवे. आज कोकणकड्यावर, प्रबळमाचीवर, राजमाचीच्या उधेवाडीत तंबू भाड्याने देणारे, पिठले-भाकरी करून घालणारे लोक तिथलेच आहेत. त्यांच्या हाताला हे काम मोठ्या कष्टाने मिळाले आहे. स्वतःचा तंबू घेऊन येणारा माणूस त्यांच्या दृष्टीने तोट्याचे गिऱ्हाईक आहे, हे मला कळते. म्हणून परवान्याचा सगळा पैसा त्या गावच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीकडे किंवा, जिथे सामूहिक वनहक्क मिळाला आहे तिथे, थेट ग्रामसभेकडे जावा. मुंबईत नाही, नागपुरात नाही. जागेची राखण, हंगामाअखेरची सफाई, येणाऱ्यांची नोंद हे काम मजुरी देऊन गावातल्या दोघा-तिघांना द्यावे. आणि त्याआधी ग्रामसभेला ‘नको’ म्हणायचा पूर्ण अधिकार हवा. एखाद्या पाड्याला आपल्या डोक्यावर रात्री अनोळखी माणसे नको असतील, एखादी सपाटी देवराईला लागून असेल, एखाद्या वाटेवर बायका पहाटे पाण्याला जात असतील, तर विषय तिथेच संपला पाहिजे. शहरातल्या माणसाच्या मोकळ्या आभाळाची हौस गावाच्या स्वस्थतेहून मोठी नाही.

दारूचा मुद्दा काढला जाईल. काढावाच. माझा अनुभव असा की डीजे आणि खोकी घेऊन येणारा गट तीन तास चढत नाही. गाडीरस्त्यापासून दीड-दोन तासांचे अंतर ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत प्रामाणिक चौकी आहे. त्यातूनही कोणी आला तर परवान्यावर नाव आहे, ओळखपत्राचा क्रमांक आहे, अनामत रक्कम आहे. आज यातले काहीच नसते.

बायका-मुलींच्या सुरक्षिततेचा प्रश्न बंदीच्या बाजूने मांडला जातो, त्याचे मला नेहमी नवल वाटते. आजच्या व्यवस्थेत चार मुलींचा गट कायद्याच्या दृष्टीने नसलेल्या जागी झोपतो. काही झाले तर त्या तक्रार करायला कचरतात, कारण पहिला प्रश्न ‘तुम्ही तिथे कशाला गेलात?’ हाच येणार हे त्यांना माहीत असते. नोंदणी असलेली जागा, गावात ठाऊक असलेली नावे आणि चौकीचा दूरध्वनी यांनी धोका शून्य होत नाही, पण तो प्रश्न तरी विचारता येत नाही. तसेच शोध-बचावाचे. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे स्वयंसेवक रात्री-अपरात्री दोर घेऊन निघतात तेव्हा निम्मा वेळ माणसे नेमकी कोणत्या बाजूला आहेत हे शोधण्यात जातो. कोणत्या रात्री कोणत्या क्रमांकाच्या दगडापाशी किती माणसे आहेत, हे एका कागदावर असले तर त्यांचे काम किती सोपे होईल, हे त्यांनाच बोलावून विचारा.

सुरुवात लहान करावी, एवढीच विनंती. शहापूर आणि अलिबाग विभागांत, कसारा आणि कर्जतच्या लोकलने पोहोचता येईल अशा, मिळून दहा जागा. येत्या नोव्हेंबरपासून एक हंगाम. ग्रामसभांशी बोलणे पावसाळ्याआधी व्हावे, कारण आवणी सुरू झाली की कोणाला बसायला वेळ नसतो. नकाशावर प्रत्येक जागेला अक्षांश-रेखांश, पाणी कुठे आणि कोणत्या महिन्यापर्यंत, पायथ्याचे गाव, शेवटची एस.टी. आणि चौकीवरचा क्रमांक. अर्ज मराठीत असावा, एका पानाचा असावा, आणि त्यात ‘प्रयोजन’ या रकान्यापुढे ‘मुक्काम’ एवढे लिहिलेले चालावे. एका वनपरिक्षेत्र कार्यालयात मी असा अर्ज दिला होता, तेव्हा तो चित्रीकरण, संशोधन की सहल यांपैकी कशात बसवायचा यावर बराच खल झाला आणि अखेर तो परत मिळाला. तिथल्या लिपिकाने मला चहा दिला. त्यांच्याकडे खरोखरच तसा रकाना नव्हता.

कळावे,

आपला नम्र,
डोंबिवलीचा एक डोंगरवेडा नागरिक